नऊ हजार वर्षांचा करार करणारा माणूस

कुठे विक्रमी आकाराची रांगोळी काढली गेली किंवा कुणी सलग कित्येक तास तबला वाजवला, की मराठी वृत्तपत्रांत एक शब्द हमखास छापून येतो, तो म्हणजे गिनेस. या विक्रमांच्या पुस्तकाच्या १९७४ च्या आवृत्तीत लता मंगेशकर यांचे नाव झळकले आणि हा शब्द आपल्या अधिकच परिचयाचा झाला. पण गिनेस हे मुळात एका माणसाचे नाव आहे आणि त्या माणसाचा विक्रमांशी काडीचाही संबंध नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आर्थर गिनेस हा अठराव्या शतकातील डब्लिन शहरातला एक बिअर उत्पादक. आयर्लंडची ओळख बनलेल्या काळ्या, फेसाळ बिअरचा, म्हणजेच स्टाउटचा तो मूळ पुरुष. गंमत अशी, की आज ज्या चवीसाठी त्याचे नाव घेतले जाते, ती चव त्याने स्वतः कधीही चाखली नव्हती.

शंभर पौंडांचे भांडवल

आर्थरचा जन्म आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यातल्या सेलब्रिज या गावचा. त्याची जन्मतारीख निर्विवादपणे सांगता येत नाही. समाधीशिलेवर मृत्यूसमयीचे वय ७८ कोरलेले असल्यामुळे १७२४ ते १७२५ हा काळ धरला जातो. वडील रिचर्ड गिनेस हे आर्थर प्राइस या प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या जमीनजुमल्याचे कारभारी होते. प्राइस पुढे कॅशेलचे आर्चबिशप झाले. मुलाचे नाव त्यांच्यावरूनच ठेवले गेले. १७५२ मध्ये प्राइस यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात रिचर्ड आणि आर्थर या पितापुत्रांना प्रत्येकी १०० पौंड ठेवले होते. एका कारभाऱ्याच्या मुलासाठी ही रक्कम मोठी होती. ती उधळून टाकणे सोपे होते. आर्थरने मात्र धंद्याची वाट धरली. १७५५ मध्ये त्याने लेक्सलिप या गावी बिअरची एक भट्टी भाड्याने घेऊन स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

चारच वर्षांत ती भट्टी धाकट्या भावाच्या हाती सोपवून तो राजधानी डब्लिनमध्ये दाखल झाला. शहराच्या पश्चिम वेशीवर सेंट जेम्स गेट येथे रेन्सफर्ड कुटुंबाच्या मालकीची एक जुनी, बंद पडलेली भट्टी होती. जागा सुमारे चार एकर. ३१ डिसेंबर १७५९ रोजी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, आर्थरने तिच्या भाडेपट्ट्यावर सही केली. अटी होत्या १०० पौंड अनामत, वर्षाला ४५ पौंड भाडे आणि मुदत तब्बल ९,००० वर्षे! त्या काळी आयर्लंडमध्ये दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे होत असत. तरीही पस्तिशीतल्या एका नवख्या व्यावसायिकाने पडीक जागेसाठी केलेला हा करार आजही वाचणाऱ्याला चकित करतो. पुढे कंपनीने ही जमीन विकतच घेतली, त्यामुळे कराराला आज व्यावहारिक अर्थ उरलेला नाही. मात्र त्याची प्रत डब्लिनच्या गिनेस स्टोअरहाउस या संग्रहालयात पर्यटकांना दाखवली जाते.

पाण्यासाठी उगारलेली कुदळ

१७६१ मध्ये आर्थरचा विवाह ऑलिव्हिया व्हिटमोर हिच्याशी झाला. ती सधन घरातली होती आणि तिच्यामुळे त्याला डब्लिनच्या प्रतिष्ठित वर्तुळात प्रवेश मिळाला. या दांपत्याला २१ अपत्ये झाली; त्यांपैकी दहाच मोठी होईपर्यंत जगली. अठराव्या शतकात बालमृत्यू घरोघरी होत असत हे खरे. तरी अकरा मुलांना मूठमाती देणाऱ्या आईबापांच्या दुःखाची कल्पनाच केलेली बरी. धंद्याच्या चढत्या आलेखामागे या घराने एवढे मरण पाहिले होते, हे आर्थरच्या यशोगाथेत सहसा सांगितले जात नाही.

बिअर म्हणजे प्रामुख्याने पाणी. सेंट जेम्स गेटच्या भाडेपट्ट्यात पाण्याचा विनामूल्य हक्क अंतर्भूत आहे, असे आर्थर मानत होता. तो ठरल्यापेक्षा अधिक पाणी घेतो आणि त्याने त्याचे मोल द्यावे, असे डब्लिनच्या नगरपालिकेचे म्हणणे होते. १७७५ मध्ये वाद विकोपाला गेला. पाण्याचा पाट बुजवण्यासाठी नगरपालिकेची माणसे अधिकाऱ्यासह भट्टीवर आली, तेव्हा पन्नाशीच्या आर्थरने एका मजुराच्या हातची कुदळ हिसकावून घेतली आणि शेलक्या शिव्या हासडत तो त्यांच्या आडवा उभा राहिला. पाणी गेले असते तर करार, भट्टी आणि पंधरा वर्षांची मेहनत सारेच मातीमोल झाले असते. प्रकरण न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे रेंगाळले आणि अखेर १७८४ मध्ये तडजोड झाली. वर्षाला दहा पौंड देऊन त्याने ८,७९५ वर्षांसाठी पाण्याचा हक्क मिळवला. भक्तिभावाने चर्चमध्ये जाणारा हा गृहस्थ व्यवहारात किती कडवा होता, याचे हे बोलके उदाहरण.

काळ्या बिअरची निवड

सुरुवातीला आर्थर एल ही फिकट तांबूस रंगाची पारंपरिक बिअर गाळत असे. १७६९ मध्ये त्याची साडेसहा पिंपे जहाजातून इंग्लंडला रवाना झाली. निर्यातीची ही पहिली नोंद. पण खरी लाट उलट दिशेने येत होती. लंडनमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर लोकप्रिय झाली होती. बाजारातील हमालांची ती आवडती, म्हणून हे नाव. मोठमोठ्या हौदांत एकाच वेळी प्रचंड प्रमाणात ती तयार होत असे आणि दूरच्या प्रवासातही टिकत असे. त्यात करव्यवस्था अशी, की आयरिश उत्पादकांवर अबकारीचे ओझे आणि इंग्लंडहून येणाऱ्या पोर्टरला डब्लिनची बाजारपेठ मोकळी. शहरातील कित्येक भट्ट्या या स्पर्धेत बुडाल्या.

आर्थरने दोन आघाड्यांवर लढा दिला. १७७८ च्या सुमारास त्याने स्वतःच पोर्टर बनवण्यास सुरुवात केली. दुसरीकडे, उत्पादकांच्या संघटनेतील पुढारी म्हणून करांविरुद्ध त्याचा पाठपुरावा सुरूच होता. आयरिश संसदेतील नामवंत नेते हेन्री ग्रॅटन यांचे पाठबळ या मागणीला लाभले आणि १७९५ मध्ये बिअरवरील अबकारी कर रद्द झाला. चार वर्षांनी, १७९९ मध्ये, आर्थरने एल बनवणे कायमचे थांबवले. वयाच्या चौऱ्याहत्तरीत, चाळीस वर्षे ज्यावर घर चालले तो माल बंद करून सर्वस्व एकाच उत्पादनावर लावायचे, हा निर्णय धाडसाचा होता. त्यानेच पुढच्या दोन शतकांचा पाया घातला.

या बिअरची कृती थोडक्यात समजून घेण्याजोगी आहे. बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि भट्टीत वाळवतात. हा झाला माल्ट. तो भरडून गरम पाण्यात मुरवला की पिष्टाची साखर होते. हा गोड काढा हॉप्सच्या फुलांबरोबर उकळून, थंड करून त्यात यीस्ट घातले जाते आणि आंबण्याची क्रिया सुरू होते. पोर्टरमधील दणकट, कडक प्रकाराला स्टाउट म्हणत. कालांतराने तोच स्वतंत्र प्रकार ठरला. आजच्या स्टाउटचा रंग आणि कॉफीसारखा कडवटपणा येतो तो सुमारे २३० अंश सेल्सियसला भाजलेल्या बार्लीमुळे. काळा माल्ट भाजण्याचे यंत्र डॅनियल व्हीलर याने १८१७ मध्ये आणले आणि ग्लासवर बसणारी सायीसारखी जाड साय नायट्रोजन वायूच्या वापराने १९५९ मध्ये साधली गेली. आर्थरच्या हौदात होती ती तपकिरी माल्टची पोर्टर.

धर्म, देश आणि धंदा

आर्थर प्रोटेस्टंट होता आणि देश बहुसंख्य कॅथलिकांचा. कायद्याने कॅथलिकांचे अनेक हक्क हिरावून घेतलेले असताना ते हक्क परत मिळावेत, या मागणीला १७९३ मध्ये त्याने पाठिंबा दिला. गरीब मुलांसाठी रविवारच्या शाळा सुरू करण्यात आणि मीथ रुग्णालयाच्या कामातही त्याचा पुढाकार होता. तथापि १७९८ च्या सशस्त्र उठावाला त्याने विरोध केला. त्यामुळे बंडखोरांच्या नजरेत तो राज्यकर्त्यांचा माणूस ठरला. उदारमतवादी, पण राजनिष्ठ अशी ही दुहेरी भूमिका पुढे कंपनीलाही चिकटली. कामगारांना चांगले वेतन आणि वैद्यकीय सेवा देणाऱ्या या कंपनीत वरिष्ठ पदांवर मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रोटेस्टंटांचेच वर्चस्व राहिले.

२३ जानेवारी १८०३ रोजी आर्थरचे निधन झाले. किल्डेअरमधील ऊटरार्ड येथे त्याला दफन करण्यात आले. मुलगा दुसरा आर्थर याने कारभार सांभाळला. १८६२ मध्ये बाटलीवर आयरिश वीणेचे चिन्ह आले आणि १८७६ मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. १९२२ नंतर आयरिश राज्याने वीणा आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारली, तेव्हा कंपनीचा हक्क आधीचा असल्यामुळे राज्याची वीणा उलट दिशेला तोंड करून उभी राहिली! १८८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात उतरली त्या वेळी ही जगातील सर्वांत मोठी बिअर कंपनी होती.

टूकन पक्षी आणि आरोग्याचा दावा

एवढ्या पसाऱ्यानंतरही कंपनीने व्यापक जाहिरात केली नव्हती. माल स्वतःच बोलतो, अशी घराण्याची धारणा होती. खप घटू लागल्यावर १९२९ मध्ये ब्रिटनच्या वृत्तपत्रांत पहिली जाहिरात आली आणि तिचा सूर होता तो ही बिअर प्रकृतीला चांगली असते, हाच. एस. एच. बेन्सन या संस्थेतील चित्रकार जॉन गिलरॉय याने पुढील तीन दशकांहून अधिक काळ भित्तिचित्रांची मालिकाच रंगवली. लोखंडी तुळई एका हाताने पेलणारा कामगार, प्राणिसंग्रहालयाचा हवालदिल रखवालदार, त्याचा ग्लास पळवणारा सील आणि आख्खा ग्लास गिळून बसलेला शहामृग ही त्यातली काही पात्रे. १९३५ मध्ये चोचीचा रुबाब मिरवणारा टूकन पक्षी अवतरला. त्याच्यासोबतच्या ओळी डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेच्या. ही चित्रे आज संग्राहक जपून ठेवतात आणि ती खरोखरच देखणी आहेत.

त्यांनी केलेला दावा मात्र टिकला नाही. काही रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना ही बिअर दिली जाई. तिच्यातील लोहाचे प्रमाण प्रत्यक्षात नगण्य आहे. मद्य आरोग्यवर्धक असल्याचे जाहिरातीत सांगण्यास आज ब्रिटन व आयर्लंडमध्ये मनाई आहे. विक्रमांचे पुस्तकही जाहिरातीच्याच पोटी जन्मले. १९५१ मध्ये शिकारीला गेलेल्या ह्यू बीव्हर या कंपनीच्या अधिकाऱ्याचा युरोपात शिकार केल्या जाणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत वेगवान कोणता, यावर वाद झाला. असे वाद दारूच्या गुत्त्यांत रोजच होत असणार, या विचारातून १९५५ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. आज ते पुस्तक वेगळ्याच मालकीचे आहे, तर बिअर १९९७ पासून डियाजिओ या कंपनीकडे आहे.

२००९ मध्ये भट्टीच्या अडीचशेव्या वर्षानिमित्त कंपनीने आर्थरच्या नावे एक उत्सवदिन सुरू केला. संगीताचे कार्यक्रम, गर्दी आणि एकाच वेळी उंचावलेले ग्लास! काही वर्षांतच तो बेताल मद्यपानाचे निमित्त ठरत असल्याची टीका डॉक्टरांनी आणि कलावंतांनीही केली आणि २०१४ मध्ये तो बंद करण्यात आला. नऊ हजार वर्षांचा विचार करणाऱ्या माणसाच्या नावाचा सण पाच वर्षेच टिकला. ऊटरार्डच्या टेकडीवरील पडक्या चर्चच्या आवारात आर्थरची समाधी आहे. एका वाडवडिलांच्या कबरीशेजारी तो तिथे विसावला आहे. त्याच्यापासून काही मैलांवर सेंट जेम्स गेटच्या भट्टीतून भाजलेल्या बार्लीचा वास आजही डब्लिनच्या हवेत दरवळतो आहे. करारातील ८,७०० हून अधिक वर्षे अजून शिल्लक आहेत.