कप्तान पॉल कफी

आफ्रिकेंतून माणसांनीं भरलेलीं जहाजें अमेरिकेस गेलीं, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. आज आम्ही उलट दिशेनें गेलेल्या एका जहाजाची व त्याच्या मालकाची हकीकत सांगतों.

पॉल कफी ह्यांचा जन्म १७५९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या कटीहंक नांवाच्या बेटावर झाला. वडील कोफी हे पश्चिम आफ्रिकेंतील अशांती लोकांपैकीं. बालपणींच त्यांस पकडून आणून गुलाम केलें होतें. पुढें ते मोकळे झाले. आई रूथ ही तेथील मूळच्या वाम्पनोआग लोकांपैकीं होती. वडिलांच्या धन्याचें स्लोकम हें आडनांव टाकून पॉल ह्यांनीं वडिलांचें आफ्रिकी नांवच आडनांव म्हणून घेतलें. गोष्ट लहान खरी, परंतु तींत त्यांचा सर्व स्वभाव दिसतो, असें आम्हांस वाटतें.

तारुण्यांत देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर खलाशी, मग लहान होडीनें किनाऱ्यावरचा व्यापार, आणि शेवटीं स्वतःचीं जहाजें, असा त्यांचा उत्कर्ष झाला. काळ्या लोकांकडून कर घेतात पण त्यांस मत देऊं देत नाहींत, अशी तक्रार त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं १७८० सालीं सरकाराकडे केली. गांवांत शाळा नव्हती. तेव्हां १७९७ सालीं त्यांनीं आपल्या जमिनीवर स्वखर्चानें ती बांधिली. १८०८ सालीं ते क्वेकर मंडळींत सामील झाले.

त्याच सुमारास इंग्लंड व अमेरिका ह्या दोहोंनीं गुलामांच्या व्यापारास कायद्यानें बंदी केली होती, तरी तो चोरून चालूच होता. माणसें विकण्याहून दुसरा चांगला धंदा आफ्रिकेस मिळाल्यावांचून हें पाप थांबणार नाहीं, आणि तो धंदा उभा करणें हें तिच्याच दूरदेशीं गेलेल्या लेकरांचें काम आहे, असें कफी ह्यांचें मत झालें.

म्हणून १८११ सालच्या मार्चांत, काळे खलाशी घेऊन, ते आपल्या ट्रॅव्हलर जहाजानें सिएरा लिओन येथें उतरले. मुक्त झालेल्या काळ्या लोकांची ही वसाहत होती. परंतु व्यापार युरोपियन सावकारांच्या मुठींत असल्यामुळें शेतकऱ्याच्या मालास रास्त भाव येत नसे. कफी ह्यांनीं तेथील लोकांची फ्रेंडली सोसायटी नांवाची मंडळी स्थापिली, कीं त्यांनीं एकजुटीनें आपला माल थेट विलायतेस पाठवावा. मग ते स्वतः लिव्हरपूल व लंडन येथें गेले. ज्या लिव्हरपुलांतून पूर्वीं गुलामांचीं जहाजें निघत, तेथेंच काळ्या कप्तानाचें हें जहाज मालासह लागलें.

परत येतांच, इंग्रजी मुलखाशीं व्यापारास बंदी असल्यामुळें, १८१२ सालीं त्यांचें जहाज जप्त झालें. कफी थेट वॉशिंग्टन येथें जाऊन राष्ट्राध्यक्ष मॅडिसन ह्यांस भेटले, व तें सोडवून घेतलें. लागलीच दोन राष्ट्रांत युद्ध जुंपलें आणि तीन वर्षें सर्व काम अडलें.

अखेर डिसेंबर १८१५ त अडतीस माणसें घेऊन ते पुनः निघाले. त्यांत वीस मुलें होतीं. बरोबर नांगर, गाडा, कुऱ्हाडी व लांकूड कापण्याच्या गिरणीचें सामान होतें. पुढच्या फेब्रुवारींत मंडळी सुखरूप पोहोंचली व तिला जमिनी मिळाल्या. मात्र जकातीनें नफा खाल्ला. कफी ह्यांस पदरचे सुमारें चार हजार डॉलर भरावे लागले.

वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टन येथें गोऱ्या पुढाऱ्यांनीं काळ्या लोकांस आफ्रिकेंत पाठविण्याची एक संस्था काढिली. तींत गुलाम बाळगणारेही होते. मुक्त काळे लोक देशांतून घालवावे, हा पुष्कळांचा हेतु. कफी ह्यांनीं तिला माहिती पुरविली. पण जानेवारी १८१७ त फिलाडेल्फियाच्या काळ्या लोकांनीं मोठ्या सभेंत ही योजना साफ नाकारिली. अध्यक्ष कफी ह्यांचे स्नेही जेम्स फोर्टन हेच होते. आमच्या मतें त्यांचें चुकलें नाहीं. नांगर घेऊन आपण होऊन जाणें निराळें, आणि नको म्हणून लोटलें जाणें निराळें.

दरवर्षीं एक जहाज न्यावें, हा कफी ह्यांचा बेत होता. परंतु त्याच वर्षीं ते आजारी पडले, आणि सप्टेंबर १८१७ त वेस्टपोर्ट येथें आपल्या घरीं वारले.