मांचुकुओची जपानी सून

टोकियोमध्ये ३ एप्रिल १९३७ रोजी पार पडलेला एक विवाह हा जपानच्या साम्राज्यविस्ताराच्या धोरणाचाच भाग होता. वधू होती सागा या उमराव घराण्यातील हिरो आणि वर होता मांचुकुओचा सम्राट पु यी याचा धाकटा भाऊ पु जिये. लष्कराने हिशेब मांडून जुळवलेले हे नाते त्या लष्कराचा पराभव झाल्यानंतरही टिकले. त्याची किंमत मात्र हिरोला आयुष्यभर मोजावी लागली.

हिरोचा जन्म १९१४ सालचा. तिचे वडील मार्क्विस, तर आईचे माहेर धनाढ्य उद्योगपतींचे. मेइजी सम्राटाचे मामा नाकायामा तादामित्सु यांची ती पणती. त्यामुळे राजघराण्याशी दूरचे का होईना, नाते होते. उमरावांच्या मुलींसाठी असलेल्या गाकुशुइन विद्यालयात तिचे शिक्षण झाले. चित्रकलेत रमणाऱ्या या तरुणीचा राजकारणाशी काडीचाही संबंध नव्हता.

जपानच्या क्वांतुंग लष्कराने १९३१ मध्ये चीनचा मांचुरिया प्रांत बळकावला आणि पुढच्याच वर्षी तेथे मांचुकुओ हे नामधारी राज्य उभे केले. चीनचा अखेरचा सम्राट पु यी याला त्याच्या गादीवर बसवण्यात आले. पु यी निपुत्रिक होता. त्याच्या भावाला जपानी पत्नी मिळाली, तर उद्याचा वारस अर्ध्या जपानी रक्ताचा असेल, असा लष्कराचा होरा होता. पु जियेचा पहिला विवाह मोडला होता आणि तो जपानच्या लष्करी अकादमीत शिकलेला होता. त्याच्यासमोर ठेवलेल्या छायाचित्रांतून त्याने हिरोची निवड केली. या प्रस्तावाने सागा कुटुंब हवालदिल झाले, परंतु लष्कराला नकार देणे सोपे नव्हते.

विवाहाच्या महिनाभर आधी, मार्च १९३७ मध्ये, मांचुकुओत सम्राटाच्या भावाला आणि त्याच्या मुलांना गादीचा हक्क देणारा कायदा झाला. पु यीच्या मनात संशयाने घर केले. हिरो ही जपानची हेर असून आपल्यावर विषप्रयोग होईल, असे भय त्याला वाटे. तिने रांधलेले अन्न भावाने आधी खाल्ल्याखेरीज तो घास घेत नसे. जुलैमध्ये जपान आणि चीन यांच्यात उघड युद्ध भडकले. ऑक्टोबरमध्ये हिरो मांचुकुओच्या राजधानीत, म्हणजे आजच्या चांगचुनमध्ये, राहावयास आली. १९३८ मध्ये तिला मुलगी झाली, तेव्हा पु यीने सुटकेचा निःश्वास सोडला. १९४० मध्ये दुसरीही मुलगीच झाली. लष्कराचा हिशेब चुकला, पती-पत्नींमधील स्नेह मात्र वाढत गेला.

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा मांचुरियात घुसल्या आणि हे राज्य पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. पु यी व पु जिये सोव्हिएत सैन्याच्या हाती लागले. थोरली मुलगी हुई शंग शिक्षणासाठी आजोळी, जपानमध्ये होती. धाकटीला घेऊन हिरो पळत राहिली. सोबत अफूच्या व्यसनाने खंगलेली सम्राज्ञी वान रोंग होती. जानेवारी १९४६ मध्ये चिनी कम्युनिस्टांनी त्यांना ताब्यात घेतले. तुंगहुआ येथे फेब्रुवारीत जपान्यांनी केलेल्या उठावाच्या रक्तपातातून हिरो बचावली. जून महिन्यात वान रोंग बंदिवासातच मरण पावली. जानेवारी १९४७ मध्ये हिरो मुलीसह शांघायमार्गे जपानला पोहोचली.

पु जिये १९५० मध्ये सोव्हिएत कैदेतून चीनच्या फुशुन येथील तुरुंगात आला. तो हयात असूनही त्याच्याशी संपर्क नव्हता. अखेर हुई शंगने १९५४ मध्ये पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना चिनी भाषेत पत्र लिहून वडिलांशी पत्रव्यवहाराची परवानगी मागितली. ती मिळाली. कुटुंब जोडणारी हीच मुलगी डिसेंबर १९५७ मध्ये, अवघ्या १९ व्या वर्षी, आमागी पर्वतावर एका सहाध्यायासह मृतावस्थेत आढळली. वृत्तपत्रांनी त्याला प्रेमिकांची आत्महत्या ठरवले. कुटुंबाला ते कधीच पटले नाही. वडील तेव्हा तुरुंगातच होते.

१९५९ मध्ये हिरोचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी किनुयो तानाका या दिग्दर्शिकेने त्यावर चित्रपट काढला. १९६० मध्ये पु जियेची सुटका झाली. पु यीचा हिरोविषयीचा आकस तेव्हाही सरला नव्हता. चाऊ एन-लाय यांनी मात्र तिच्या परतीचा मार्ग मोकळा केला. मे १९६१ मध्ये, जवळपास १६ वर्षांच्या ताटातुटीनंतर, पती-पत्नींची भेट झाली. धाकट्या मुलीने जपानमध्येच राहणे पसंत केले. ज्या देशावर आपल्या देशाने आक्रमण केले, तोच हिरोने आपले घर मानला.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांच्या बीजिंगमधील घरावर रेड गार्डची धाड पडली. १९७२ मध्ये चीन-जपान संबंध सुरळीत झाले आणि १९७४ मध्ये हे दांपत्य जपानला जाऊन आले. २० जून १९८७ रोजी हिरोचे बीजिंगमध्ये निधन झाले. तिच्या अस्थींचे दोन भाग करण्यात आले. एक भाग तिच्या पणजोबांच्या स्मृतीला वाहिलेल्या शिमोनोसेकीतील नाकायामा देवस्थानाच्या आवारात ठेवण्यात आला, तर दुसरा चीनच्या भूमीला मिळाला. पु जियेचे निधन १९९४ मध्ये झाले. त्याच्या अस्थीही अशाच दोन्ही देशांत वाटल्या गेल्या.