सतरा वर्षांचा मास्तर

थर्ड इयर संपत आलं की होस्टेलवर जीडीचं भूत फिरायला लागतं. ग्रुप डिस्कशनमध्ये उडू नये म्हणून कुणी आरशासमोर बोलतं, कुणी शब्दांच्या याद्या पाठ करतं, कुणी क्लास लावतं. मराठी मीडियमवाल्यांना वाटतं, कॉन्व्हेंटवाल्यांचं बरं आहे. मी कॉन्व्हेंटचीच. तिथे इंग्रजी फाडफाड बोलायला आलं हे खरं, पण ते ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देण्यापुरतं. एखाद्या विषयाच्या दोन्ही बाजू मांडायला कुणी शिकवलं नाही. ते शिकवणारा एक मास्तर कलकत्त्यात होऊन गेला. त्याचं नाव हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ. मी त्याला 'तो' म्हणतेय, कारण मास्तर झाला तेव्हा तो आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षाही लहान होता!

डेरोझिओचा जन्म १८ एप्रिल १८०९ चा. वडील पोर्तुगीज-भारतीय वंशाचे, एका व्यापारी कंपनीत नोकरीला. असल्या मिश्र घरातल्या मुलांना ना साहेब आपलं म्हणत, ना इथले लोक. धर्मतल्ला भागात डेव्हिड ड्रमंड नावाच्या स्कॉटिश मास्तरांची शाळा होती, तिथे तो शिकला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. थोडे दिवस कारकुनी, मग भागलपूरला काकांकडे निळीच्या कारखान्यात काम. गंगेकाठी बसून तो कविता लिहायचा आणि कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांना पाठवायचा. त्यातून नाव झालं आणि १८२६ मध्ये हिंदू कॉलेजात इंग्रजी साहित्य व इतिहास शिकवायची नोकरी मिळाली.

हे कॉलेज १८१७ मध्ये निघालं होतं. आपल्या मुलांना इंग्रजी यावं म्हणून कलकत्त्याच्या श्रीमंत हिंदूंनी त्यासाठी वर्गणी दिली होती. मुलांची घरची भाषा बंगाली. डेरोझिओने नुसतं पुस्तक वाचून अर्थ सांगण्यावर भागवलं नाही. तो मुलांपुढे प्रश्न टाकायचा आणि वाद घालायला लावायचा. वर्ग सुटला तरी चर्चा संपत नसे, मुलं त्याच्या घरी जाऊन बसत. १८२८ मध्ये त्यांनी अकॅडमिक असोसिएशन नावाचं मंडळ काढलं. माणिकतल्ल्याच्या एका बागेतल्या घरात बैठका होत. नशीब खरं की माणसाची इच्छा, देशप्रेम म्हणजे काय, मूर्तिपूजा बरोबर की चूक, असे विषय असत. अध्यक्ष डेरोझिओ. डेव्हिड हेअर यांच्यासारखी मोठी माणसं ऐकायला येत. १८३० मध्ये मुलांनी पार्थेनॉन नावाचं नियतकालिक काढलं. एकच अंक निघाला, पुढचा कॉलेजने निघू दिला नाही.

मला वाटतं, त्या पोरांचं इंग्रजी सुधारलं ते इथेच. आपला मुद्दा समोरच्याला पटवायची तळमळ असली की शब्द शोधावेच लागतात, आणि शोधलेला शब्द पाठ केलेल्यापेक्षा जास्त टिकतो.

पण घराघरात भांडणं सुरू झाली. मुलं देवाधर्मावर प्रश्न विचारतात म्हणून पालक चिडले, काहींनी मुलांना कॉलेजातून काढलं. एप्रिल १८३१ मध्ये कॉलेजच्या कमिटीने डेरोझिओला त्याची बाजू न ऐकताच घालवायचं ठरवलं. त्याने राजीनामा दिला. तो नास्तिकपणा शिकवतो, आईवडिलांचं ऐकू नका म्हणतो, असे आरोप होते. त्याने पत्र लिहून उत्तर दिलं. देवाबद्दल शंका घेणारा ह्यूम मी शिकवला, तसंच त्याला खोडून काढणारे रीड आणि स्ट्यूअर्टही शिकवले, असं त्याचं म्हणणं होतं. आईवडिलांशी उद्धटपणे वागणाऱ्या मुलाला तर आपण रागावलो होतो, हेही त्याने कळवलं. उपयोग झाला नाही. त्याने ईस्ट इंडियन नावाचं वर्तमानपत्र चालवलं, पण त्याच वर्षी २६ डिसेंबरला कॉलऱ्याने तो गेला. वय अवघं बावीस!

त्याच्याभोवतीच्या मुलांचं पुढे काय झालं? रामगोपाल घोष नामवंत वक्ते झाले. राधानाथ सिकदर सर्व्हे खात्यात गणिती झाले. एव्हरेस्टची उंची मोजणाऱ्या आकडेमोडीत त्यांचा मोठा वाटा होता. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, याच सिकदरांनी प्यारीचंद मित्रांबरोबर १८५४ मध्ये बायकांना आणि साध्या लोकांना कळावं म्हणून सोप्या, बोलत्या बंगालीत मासिक काढलं. इंग्रजीत वाद घालून तयार झालेली माणसं आपल्या भाषेतही धीटपणे लिहायला लागली.

मित्रांनो, आपल्या जीडीत दहा मिनिटं जो मोठ्याने ओरडतो तो जिंकला असं आपण समजतो. डेरोझिओच्या मंडळात समोरच्याचं ऐकल्याशिवाय त्याला खोडता आलं नसतं. मग असं करून बघूया. रविवारी मेसनंतर कॉमन रूममध्ये सात-आठ जणांनी बसायचं. विषय आपल्याला खरोखर छळणारा घ्यायचा, आणि पहिल्या फेरीत आपल्याला न पटणारी बाजू मांडायची. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे. मध्येच मराठी शब्द आला तरी चालेल, पुढच्या रविवारी त्याचा इंग्रजी शब्द शोधून आणायचा. वर्गात हे करू देणारे सर-मॅडम मिळाले तर सोन्याहून पिवळं. अशी मोकळीक दिल्याची किंमत डेरोझिओला नोकरी गमावून मोजावी लागली. आपल्याला फक्त एक संध्याकाळ द्यायची आहे.