पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण लहानपणापासून ऐकतो. क्लॅरेन्स अर्ल गिडियन फारसा शहाणा नसावा, कारण या पायऱ्या त्याने बऱ्याच चढल्या.

जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॅनिबल गावचा. (मार्क ट्वेनचं बालपणही याच गावात गेलं.) वडील लवकर वारले, शाळा आठवीत सुटली, स्वारी घरातून पळाली. पुढे चोऱ्यामाऱ्या आणि तुरुंगाच्या वाऱ्या. थोडक्यात, पाठ्यपुस्तकात धडा यावा असा माणूस नव्हे.

३ जून १९६१ ला फ्लोरिडातल्या पनामा सिटीत कुणीतरी एक पूल रूम फोडली. गेलं काय, तर थोडी चिल्लर, बिअर आणि वाईन. पकडला गिडियनला. खिशात पैसे नव्हते म्हणून त्याने कोर्टाकडे वकील मागितला. पण फाशीचा गुन्हा असेल तरच सरकारी खर्चाने वकील, असा तिथला कायदा. मग पठ्ठ्याने स्वतःच केस लढवली, साक्षीदार बोलावले, उलटतपासणीही घेतली. शिक्षा झाली पाच वर्षांची!

फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने दाद दिली नाही. जानेवारी १९६२ मध्ये त्याने तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलीने अर्ज खरडला आणि थेट वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात धाडला. राज्यांच्या कोर्टात प्रत्येक गरीब आरोपीला वकील देणं बंधनकारक नाही, असं याच कोर्टाने १९४२ मध्ये ठरवलं होतं. तरी अर्ज दाखल झाला, आणि बाजू मांडायला कोर्टाने एब फोर्टास हे नामांकित वकील नेमले. १८ मार्च १९६३ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी गिडियनच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र लिहिलं ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२ च्या निकालाला विरोध करणाऱ्यांत ते होते!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चोरी त्याने केली की नाही, हे वरच्या कोर्टाने पाहिलंच नाही. पाहिलं एवढंच, की खटला राज्यघटनेप्रमाणे चालला का. वकिलाशिवाय चालला, म्हणून शिक्षा रद्द. खटला पुन्हा चालवा.

ऑगस्ट १९६३. तेच गाव, तोच जज. फरक फक्त शेजारी बसलेल्या फ्रेड टर्नर या स्थानिक वकिलाचा. टॅक्सीवाल्याने साक्ष दिली, की मला पाहिलं हे कुणाला सांगू नकोस असं गिडियन त्या सकाळी म्हणाला होता. झालं, संपलं असंच वाटेल. टर्नरने शांतपणे विचारलं, हा आधीही असं म्हणायचा का? हो, नेहमीच, बायकोशी पटत नव्हतं ना त्याचं! ज्युरीने तासाभरात निर्दोष ठरवलं. गिडियन दोन वर्षं आत काढून सुटला. त्याच्या निकालामुळे फ्लोरिडाच्या तुरुंगांतून हजारावर कैदी बाहेर पडले.

१८ जानेवारी १९७२ ला तो फ्लोरिडातच वारला, गरिबीतच. पुरलं हॅनिबलला. कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो पुढे काही वर्षांनी बसला.