कावसजीचे नाक आणि नाव नसलेला वीटकरी

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात जगभर एका मराठी माणसाचे नाव येते: कावसजी. शेतकरी जातीतला हा गडी १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकायचा. टिपू सुलतानाच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. लढाई राजांची, किंमत मोजली बैल हाकणाऱ्याने. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिली.

नाक कापणे ही तेव्हा बेअब्रूची शिक्षा होती. ते तोंड घेऊन कावसजी वर्षाहून जास्त काळ जगला. मग पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवले.

ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली होती. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करायचे. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांमधली एक पट्टी मात्र तशीच ठेवायची, कारण रक्त तिथून पोचते. मग कातडी पिळून खाली आणायची, नाकाच्या जागी चीर देऊन तिच्यात बसवायची आणि वर काताच्या लेपाच्या चिंध्या लावायच्या. चार दिवसांनी तुपाच्या पट्ट्या. मधली पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची.

आपल्याकडे याचे सगळे श्रेय सुश्रुताला देऊन मोकळे होतात. पण सुश्रुतसंहितेत गालाची कातडी आहे, या वीटकऱ्याने कपाळाची घेतली. हे ज्ञान पोथीत नव्हते, हातात होते. बुद्धकाळात जीवक तक्षशिलेत शिकून राजवैद्य झाला. मनुस्मृतीने मात्र चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्नच निषिद्ध ठरवले. रक्त-पुवाला हात लावणारा विटाळलेला ठरला, तेव्हा शस्त्र कारागिरांच्या हाती राहिले यात नवल कसले? रुग्णाचे चित्र १७९४ मध्ये जेम्स वेल्सने काढले, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे छापली गेली. ज्याने नाक केले त्याची फक्त जात नोंदली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ही हकीकत आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये तिथे हीच शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्याने दोन रुग्णांवर पुस्तक लिहिले आणि युरोपात ती भारतीय पद्धत म्हणून रुजली.