मार्कोस यांची पदके आणि अभिलेखागारातील कागद

फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या राजकारणाला दुसऱ्या महायुद्धातील पराक्रमाच्या कथेचे अधिष्ठान होते. देशातील सर्वाधिक पदके मिळविणारा योद्धा, अशी त्यांची प्रतिमा अनेक वर्षे जनमानसात रुजविण्यात आली. या कथेतील मध्यवर्ती दावा बनावट असल्याचा निष्कर्ष अमेरिकी लष्कराने 1940 च्या दशकातच लेखी नोंदविला होता. तो जगासमोर येण्यास मात्र 1986 साल उजाडावे लागले.

मार्कोस यांचा जन्म 11 सप्टेंबर 1917 रोजी लुझोन बेटाच्या उत्तरेकडील इलोकोस नॉर्ते प्रांतातील सारात येथे झाला. वडील मारियानो हे राजकारणी होते. 1935 च्या निवडणुकीत त्यांना पराभूत करणारे हुलियो नालुंदासान यांची निकालानंतर काही दिवसांतच राहत्या घरी गोळी झाडून हत्या झाली. त्यावेळी कायद्याचे विद्यार्थी आणि विद्यापीठाच्या नेमबाजी संघाचे सदस्य असलेल्या फर्डिनांड यांना पुढे या खटल्यात दोषी ठरविण्यात आले. त्याच काळात ते वकिलीच्या परीक्षेत देशात पहिले आले. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली आणि 1940 मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. खुनाच्या आरोपातून सुटलेला हा बुद्धिमान तरुण देशभर परिचित झाला.

डिसेंबर 1941 मध्ये जपानने फिलिपिन्सवर आक्रमण केले. अमेरिकी नेतृत्वाखालील फौजेच्या 21 व्या डिव्हिजनमध्ये मार्कोस अधिकारी होते. 9 एप्रिल 1942 रोजी बातान द्वीपकल्पातील सुमारे 75 हजार फिलिपिनो व अमेरिकी सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यानंतर युद्धकैद्यांना रणरणत्या उन्हात चालवत नेण्यात आले. त्यात हजारोंनी प्राण सोडले. मार्कोस यांनीही कैद भोगली आणि काही महिन्यांनी त्यांची सुटका झाली. युद्धाच्या अखेरीस ते उत्तर लुझोनमधील मान्यताप्राप्त गनिमी फौजेत दाखल झाले. हा लौकिक कोणत्याही उमेदवाराला निवडणुकीत पुरला असता. मार्कोस यांना तो पुरला नाही.

कैदेतून सुटल्यानंतरच्या काळात आपण ‘आंग मगा महार्लिका’ या गनिमी दलाचे नेतृत्व केले आणि त्यात आठ हजारांहून अधिक लढवय्ये होते, असा दावा त्यांनी युद्ध संपताच अमेरिकी लष्कराकडे केला. असे दावे करणारे ते एकटे नव्हते. मान्यता मिळालेल्या गनिमांना थकीत वेतन मिळणार असल्याने दहा लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले होते. त्यांपैकी सुमारे 2 लाख 60 हजार मान्य झाले. तपास अधिकाऱ्यांनी महार्लिकाची यादी, हालचालींचे तपशील आणि इतर दलांचे अहवाल पडताळून पाहिले. मार्कोस यांच्या नेतृत्वाखाली असे संघटित दल लढल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. फेरविचाराची विनंतीही फेटाळण्यात आली. हे कागद गोपनीय शिक्क्यासह बंद झाले आणि गोपनीयता उठल्यानंतरही कित्येक वर्षे कोणी उघडले नाहीत.

मार्कोस 1949 मध्ये प्रतिनिधिगृहात, दहा वर्षांनी सिनेटमध्ये आणि 1965 च्या निवडणुकीत विजयी होऊन अध्यक्षपदावर पोहोचले. या निवडणुकीच्या तोंडावर त्यांचे गौरवपर चरित्र आणि त्यांच्या जीवनावरील चित्रपट लोकांसमोर आला. पदकांचा आकडा सांगणाऱ्यानुसार 27 पासून 33 पर्यंत बदलत असे. त्यांतील अनेक पदके युद्ध संपल्यानंतर तब्बल 18 वर्षांनी, 1963 मध्ये देण्यात आली. मार्कोस तेव्हा सिनेटचे अध्यक्ष होते. पुढे महार्लिका हे नाव राष्ट्रीय महामार्गाला आणि सरकारी प्रसारण संस्थेला मिळाले. खुद्द देशाचेच नाव महार्लिका करण्याचा प्रस्तावही 1978 मध्ये मांडला गेला. (हा शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’पासून आल्याचे अभ्यासक मानतात.) अस्तित्वच सिद्ध न झालेल्या दलाच्या वाट्याला आलेला हा मान लक्षणीय म्हटला पाहिजे. ज्यांचे लढणे निर्विवाद होते, अशा बहुसंख्य फिलिपिनो सैनिकांचे कबूल केलेले लाभ अमेरिकी काँग्रेसने 1946 च्या कायद्याने काढून घेतले होते. त्यांतील हयात सैनिकांना एकरकमी मोबदला मंजूर झाला तो 2009 मध्ये.

सप्टेंबर 1972 मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. त्यानंतर पदकांविषयी प्रश्न विचारणे धोक्याचे ठरले. लष्करी गुप्तवार्ता विभागातील माजी अधिकारी बोनिफासियो गिलेगो यांनी अमेरिकेत निर्वासित असताना या दाव्यांची छाननी केली. त्यांची लेखमाला मनिलातील ‘वी फोरम’ या वृत्तपत्राने नोव्हेंबर 1982 मध्ये छापली. लष्करी कायदा त्यापूर्वीच, 1981 मध्ये, कागदोपत्री उठविण्यात आला होता. तरीही डिसेंबरमध्ये वृत्तपत्राच्या कार्यालयावर छापा पडला, छपाईची सामग्री जप्त झाली आणि संपादक होसे बुर्गोस यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. ज्या वॉरंटच्या आधारे ही झडती झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1984 मध्ये रद्दबातल ठरविली. मार्कोस यांच्याच राजवटीत हा निकाल लागला, हे विशेष.

निर्णायक कागद हाती लागले ते एका इतिहासकाराच्या. ऑस्ट्रेलियात अध्यापन करणारे अमेरिकी संशोधक आल्फ्रेड मॅकॉय हे महायुद्धकालीन फिलिपिन्सचा अभ्यास करताना अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील महार्लिकाच्या फायलींपर्यंत पोहोचले. 23 जानेवारी 1986 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांतील निष्कर्ष प्रसिद्ध केले. मतदान अवघ्या दोन आठवड्यांवर, 7 फेब्रुवारीला होते. मार्कोस यांनी आरोप फेटाळले. निवडणुकीतील गैरप्रकारांच्या आरोपांनी असंतोष भडकला, लष्कराचा एक गट फुटला, लाखो नागरिक मनिलाच्या रस्त्यांवर उतरले आणि 25 फेब्रुवारीला मार्कोस यांनी देश सोडला. त्यांच्या पतनाचे श्रेय एका वृत्ताला देता येणार नाही; 1983 मधील बेनिग्नो अक्विनो यांची हत्या आणि कोलमडलेली अर्थव्यवस्था ही कारणे त्याहून मोठी होती. योद्ध्याची प्रतिमा मात्र या वृत्तानंतर पूर्ववत झाली नाही.

28 सप्टेंबर 1989 रोजी होनोलुलूत मार्कोस यांचे निधन झाले. 1993 मध्ये पार्थिव मायदेशी आणून बाताक येथे काचेच्या पेटीत जतन करण्यात आले. मनिलाच्या वीरभूमीत दफन व्हावे, हा कुटुंबीयांचा आग्रह कायम होता. 2016 मध्ये अध्यक्ष रोड्रिगो दुतेर्ते यांनी त्याला अनुकूलता दर्शविली. त्यावर देशाच्या राष्ट्रीय इतिहास आयोगाने मार्कोस यांच्या सैनिकी दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सांगितलेल्या प्रमुख अमेरिकी पदकांना अधिकृत नोंदींचा आधार नाही, असा निष्कर्ष त्यात होता. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबरला 9 विरुद्ध 5 मतांनी दफनाचा मार्ग मोकळा केला. ते वीर होते की नाही, हा वाद न सोडविता माजी अध्यक्ष आणि माजी सैनिक म्हणून नियमानुसार असलेली पात्रता बहुमताने ग्राह्य धरली. दहा दिवसांनी, फेरविचाराची मुदत संपण्यापूर्वीच आणि पूर्वसूचना न देता, पार्थिव बाताकहून हवाईमार्गे आणून 21 तोफांच्या सलामीसह दफन करण्यात आले. त्याच संध्याकाळी मनिलात विद्यार्थी निषेधाचे फलक घेऊन रस्त्यावर आले होते.