रॉबर्ट बुन्सेन: निळी ज्योत, गेलेला डोळा आणि आमचा भोसरीचा हीटर



31 मार्च 2011 ला गूगलने आपल्या होमपेजवर नळ्या, चंबू आणि मधोमध जळणारा बर्नर असं डूडल लावलं होतं. रॉबर्ट बुन्सेनच्या जन्माला तेव्हा 200 वर्षं झाली होती. शाळेत आपण ज्याला बन्सन बर्नर म्हणायचो, तो याच माणसाच्या नावाचा. घरच्या शेगडीतही तेच तत्त्व आहे: बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो, सोबत बाजूची हवा ओढून घेतो, दोन्ही मिसळतात आणि मग पेटतात.

मला बुन्सेन नीट कळला तो मात्र भोसरीत. लिहायला लागण्याआधी मी एका पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो. तिथे ओव्हनला गरम हवा देणारा गॅसवरचा हॉट एअर जनरेटर होता. बंद चेंबरच्या आत ज्योत, चेंबरच्या बाहेरून पंख्याची हवा. ती तापून ओव्हनमध्ये जाते आणि जळालेला धूर चिमणीतून वर. एका सकाळी तो पेटेना. लाल दिवा लागला, कोणीतरी रीसेट दाबलं. परत लाल. परत रीसेट. पाचव्या-सहाव्या वेळेला आतून धाडकन आवाज आला आणि तपासणीचं झाकण उडून माझ्या कानाजवळून गेलं. भुवया जळाल्या, बाकी वाचलो. त्याचं कारण पुढे सांगतोच.

बुन्सेन मात्र इतका नशीबवान नव्हता. 1811 मध्ये गॉटिंगेनला जन्म, वडील तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक आणि ग्रंथपाल. विशीच्या आतबाहेर डॉक्टरेट झाली. पुढे कासेल आणि मारबुर्गला असताना त्याने कॅकोडिल नावाच्या आर्सेनिकच्या संयुगांचा अभ्यास हाती घेतला. ही संयुगं विषारी, घाण वासाची, आणि त्यातली काही तर हवेत आली की आपोआप पेट घेणारी. एका स्फोटात त्याचा उजवा डोळा गेला. आर्सेनिकच्या विषबाधेने तर तो मरता मरता वाचला. तरी काम पूर्ण केलं आणि मगच तो विषय सोडला, कायमचा.

याच काळात त्याने केलेलं दुसरं काम मला जास्त आवडतं, पण त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. लोखंडाच्या भट्टीच्या तोंडातून बाहेर जाणारा वायू गोळा करून त्यात काय काय आहे ते त्याने मोजलं. जर्मनीतल्या लाकडी कोळशाच्या भट्ट्यांमध्ये निम्मी उष्णता फुकट जात होती. इंग्लंडमध्ये लायन प्लेफेअरसोबत तेच मोजमाप केलं तेव्हा तिथल्या भट्ट्यांमध्ये 80 टक्क्यांहून जास्त वाया जाते असं निघालं. भट्टी चालवणाऱ्यांना ज्वाळा दिसत होत्या, पण त्यातून पैसे उडताहेत हे दिसत नव्हतं. आज वार्षिक मेंटेनन्सला येणारा टेक्निशियन चिमणीत नळी घालून ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे आकडे बघतो, ते याच घराण्यातलं काम.

आता बर्नरकडे येऊ. 1852 मध्ये तो हायडेलबर्गला गेला. तिथे त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली आणि गावात नुकताच आलेला दिव्याचा गॅस तिथपर्यंत आणला. पण त्या गॅसची ज्योत पिवळी, काजळी धरणारी. बुन्सेनला हवी होती गरम आणि जवळजवळ रंगहीन ज्योत. त्याने कल्पना दिली, विद्यापीठाचा मेकॅनिक पीटर डेसागा याने 1855 च्या सुमारास बर्नर बनवला. (आधी फॅरेडेने असाच एक बर्नर केला होता. त्यामुळे शोध पूर्णपणे बुन्सेनचा, असं मी म्हणणार नाही.) पेटंट काही घेतलं नाही. डेसागाने बर्नर बनवून विकले, आणि नाव मात्र बुन्सेनचं राहिलं.

रंगहीन ज्योत कशाला? तर तिच्यात टाकलेल्या पदार्थाचा रंग स्वच्छ दिसावा म्हणून. गुस्ताव किर्खहॉफने सुचवलं की रंग नुसत्या डोळ्याने बघण्यापेक्षा प्रिझममधून बघू. दोघांनी स्पेक्ट्रोस्कोप बनवला आणि 1860 मध्ये सीझियम, 1861 मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्यं सापडली. सीझियमसाठी ड्युर्कहाइमचं हजारो लिटर खनिज पाणी आटवावं लागलं! सोडियमची पिवळी रेषा तर त्यांना जिथे तिथे दिसायची, खोलीतल्या धुळीमुळेसुद्धा. मीठ घातलेला भात उतू गेला की आपल्या शेगडीची ज्योत पिवळी-केशरी होते ना, ते हेच सोडियम. ते क्षणात जातं. पण काही सांडलेलं नसताना ज्योत पिवळीच राहिली, भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं, तर हवा कमी पडतेय. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो.

आमच्या हीटरवरही ज्योत बघणारा एक डोळा होता, यूव्ही सेन्सर. ज्योतीतून निघणारा अतिनील प्रकाश दिसला तरच तो गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. सगळ्यांनी आधी त्यालाच दोष दिला. त्याची काच पुसली, तरी काही फरक नाही. बिचारा खरंच सांगत होता की आत ज्योत नाही. ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडची चिनी मातीची नळी तडकलेली होती, त्यामुळे ठिणगी भलतीकडेच उडत होती.

पण मग धडाका का झाला? प्रत्येक वेळी पेटवण्याआधी पंखा चेंबरमधला जुना गॅस बाहेर ढकलतो. आमच्या पंख्याच्या पात्यांवर पावडरचा बोटभर थर बसला होता. हवा कमी, म्हणून हवेच्या दाबाचा स्विच सारखा मशीन बंद पाडायचा. कोणीतरी वैतागून त्या स्विचला वायरचा तुकडा जोडून त्याचं तोंडच बंद केलं होतं. मग दर रीसेटला थोडा गॅस आत येत गेला, बाहेर पुरेसा गेलाच नाही, आणि शेवटी एकदाची ठिणगी नीट पडली.

खंडेनवमीला त्या पॅनलला आम्ही हळदकुंकू वाहिलं होतं, हार घातला होता. पाती मात्र वर्षभर कोणी उघडून पाहिली नव्हती. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत काम ठरून गेलं: पाती धुणं, इलेक्ट्रोड बदलणं, सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघणं, चेंबरला चीर आहे का ते टॉर्च मारून पाहणं, आणि प्रत्येक सेफ्टी स्विच मुद्दाम पाडून मशीन खरंच बंद होतं का याची खात्री करणं. रीसेट एकदाच. दुसऱ्यांदा दाबायच्या आधी गॅसचा कॉक बंद करून टेक्निशियनला फोन.

बुन्सेनने लग्न केलं नाही. एका डोळ्यावर तो 1889 पर्यंत हायडेलबर्गला शिकवत राहिला, वयाच्या 78 व्या वर्षी निवृत्त झाला आणि मग आवडीच्या भूगर्भशास्त्रात रमला. 16 ऑगस्ट 1899 ला हायडेलबर्गमध्येच तो गेला. तोपर्यंत त्याच्या बर्नरवर चालणाऱ्या प्रयोगशाळा जगभर झाल्या होत्या.